खुणांच्या भाषेचे सर्टिफिकेट : घ्यावे की न घ्यावे?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी माझी धाकटी बहीण बदलापूरहून माझ्याकडे आली. सोबत तिची मुलगी होती. चहा होईपर्यंत दोघी गप्पच होत्या. मग मुलीने पिशवीतून एक गुळगुळीत कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. 'सांकेतिक भाषेचा सर्टिफिकेट कोर्स. अवघ्या तीन महिन्यांत. शाळा, हॉस्पिटल, बँक, टी.व्ही. चॅनेलमध्ये शंभर टक्के नोकरी. फी फक्त 14,000 रुपये.'

"मावशी, भरू का?" तिने विचारले.

तिची आई म्हणाली, "ताई, बचत गटातून पंधरा हजार मिळतायत. शेकडा दोनने. तू म्हणशील तर उचलते."

वाचकहो, हा प्रश्न माझ्या बहिणीच्या घरचाच नाही. बारावी झालेल्या, हुशार पण पुढे कोणत्या वाटेने जावे हे न कळणाऱ्या मुली आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्या हातात असे कागद रोज पडतात. आज ब्युटी पार्लर, उद्या टॅली, परवा आणखी काही. गरीब आईबाप दागिना मोडतात, गटाचे कर्ज काढतात. मुलगी चौकटीतले प्रमाणपत्र घरी आणते, ते भिंतीवर लागते आणि मुलगी पुन्हा दुकानात उभी राहते. म्हणून मी तिला त्या दिवशी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. थांब म्हटले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी जे पाहिले, विचारले, वाचले ते येथे मांडीत आहे.

मात्र एक गोष्ट आधी सांगावयास हवी. माझ्या भाचीला हा कोर्स उगाच सुचलेला नव्हता. तिचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. आता तो चौदा वर्षांचा आहे. त्याच्या आधीच्या वर्षी दिवाळीपूर्वी त्याचे पोट दुखू लागले. पोटावर हात ठेवून तो रडे. आईला वाटले, शाळेत जायचे नाही म्हणून सोंग करतो आहे. ओवा दिला, शेक दिला. तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा दवाखान्यात नेले. डॉक्टर विचारीत होते : दुखणे कधी सुरू झाले? आधी बेंबीपाशी होते आणि मग उजवीकडे सरकले का? उलटी दुखण्याच्या आधी झाली की नंतर? मुलाचे वडील हातवारे करून विचारीत होते आणि मुलगा प्रत्येक प्रश्नाला मान हलवीत होता. हो कशाला आणि नाही कशाला, हे कोणालाच कळत नव्हते. अपेंडिक्स होते. ऑपरेशन झाले, मुलगा वाचला. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून माझी भाची रडली ती वेगळ्याच कारणासाठी. ती मला म्हणाली, "मावशी, दुखतंय हे त्याला दाखवता येतं. पण कधीपासून हे बोटाने कसं दाखवणार? 'काल' ही काय दाखवायची वस्तू आहे?"

या एका प्रश्नात मला सगळे आले असे वाटते. आपण घरात ज्याला खुणा म्हणतो ती भाषा नव्हे. पाणी, भात, झोप, ये, जा एवढे त्यात भागते. काल, उद्या, जर, म्हणून, कारण हे त्यात बसत नाही. आणि माणसाचे जगणे तर याच शब्दांवर चालते.

ती भाषाच आहे

आपल्याकडे पुष्कळांचा असा समज आहे की, सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचेच हातवारे. बोललेल्या प्रत्येक शब्दाला एक खूण. तसे नाही. भारतीय सांकेतिक भाषेला तिचे स्वतःचे व्याकरण आहे. आपण विचारतो, "तू कुठे जातेस?" या भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो : तू, जाणे, कुठे. काळ सांगावयाचा तर तो वाक्याच्या आरंभी सांगतात. झालेले खांद्याच्या मागच्या बाजूस, होणारे पुढच्या बाजूस. भुवया वर गेल्या की साध्या वाक्याचा प्रश्न होतो; म्हणजे चेहरा हा येथे अभिनय नसून व्याकरण आहे. मुंबईच्या आणि कोलकात्याच्या बधिर माणसांच्या काही खुणा वेगळ्या असतात, जसे कोकणात आणि वऱ्हाडात एकाच भाजीला वेगळे नाव असते. पण भाषेची घडण सारखीच.

हे जगाने मान्य करावयास फार वेळ लावला. 1880 साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठराव केला की, बहिऱ्या मुलांना बोलण्यानेच शिकवावे, खुणांना शाळेत जागा नको. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. ज्यांच्या भाषेचा निकाल लागत होता ते जेमतेम नावाला हजर होते. असे निकाल कसे लागतात हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. पुढे शंभर वर्षे जगभरच्या शाळांतून मुलांचे हात खाली ठेवविले गेले. 1960 साली अमेरिकेत विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने अभ्यास करून दाखविले की, ही पूर्ण भाषा आहे. मिलानच्या ठरावाबद्दल त्या परिषदेच्या परंपरेतील मंडळींनी अधिकृत खेद व्यक्त केला तो 2010 साली, कॅनडातील व्हँकूव्हर येथे!

मुंबईत तर 1885 पासून माझगावला बहिऱ्या मुलांची शाळा आहे, देशातील पहिली. तरीही आपल्याकडच्या बहुसंख्य शाळांतून 'बोलायला शिकवा' हीच पद्धत राहिली. माझा भाचा ज्या शाळेत जात असे तेथेही तेच. 'पाणी' हा शब्द ओठांनी उच्चारावयास त्याला वर्षभर लागले. शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी मुले आपसात हातांनी झरझर बोलत. बाई आल्या की हात खिशात. म्हणजे माझ्या भाच्याला थोडीफार भाषा येत होती, तीही चोरून शिकलेली. घरात ती समजणारे कोणी नव्हते, एवढेच.

हिशेब

आता पैशाचे पाहू. जाहिरातीत 14,000 लिहिले होते. मी आणि भाची त्या क्लासात गेलो. तेथे कळले की, परीक्षा फी 2,000 वेगळी, ओळखपत्र आणि पुस्तिकेचे 800 वेगळे. वर्ग सोमवार ते शुक्रवार, अकरा ते दोन. म्हणजे बदलापूर ते दादर पास, वरचा किरकोळ खर्च धरून तीन महिन्यांचे साडेचार हजार. आणि सर्वांत मोठा आकडा कोणत्याच कागदावर नव्हता. मुलगी मोबाइलच्या दुकानात 9,000 रुपये पगारावर होती. अकरा ते दोन वर्गात बसणार म्हणजे ती नोकरी सोडावी लागणार. तीन महिन्यांचे 27,000 बुडणार. गटाच्या कर्जावर तीन महिन्यांचे व्याज 900. मी वहीत बेरीज करून बहिणीला दाखविली : 49,200 रुपये. ती बघतच राहिली. चौदा हजारांचा कोर्स पन्नास हजारांना पडत होता.

माझे सांगणे एवढेच की, कोणत्याही कोर्सची किंमत त्याच्या फीवर मोजू नका. बुडणारा पगार आधी लिहा.

पण पन्नास हजार खर्चून जर आयुष्यभराची भाकरी मिळत असेल तर ते महाग नव्हेत. म्हणून मी त्या क्लासच्या बाईंना तीन गोष्टी विचारल्या. प्रमाणपत्राला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे का? त्यांनी भिंतीवरची सोनेरी चौकट दाखवून 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असल्याचे सांगितले. शिकविणारे कोणी बधिर आहे का? नाही, त्या स्वतःच शिकवीत. आणि त्या स्वतः कोठे शिकल्या, तर अशाच एका क्लासात. मागच्या तुकडीतील मुली आता कोठे काम करतात? यावर त्या म्हणाल्या, "सगळ्या सेटल आहेत." एकीचाही पत्ता मिळाला नाही.

बाई वाईट होत्या असे मी म्हणणार नाही. त्यांना चार खुणा येत होत्या आणि त्या चार खुणा शिकवीत होत्या. परंतु नोकरीचे आश्वासन देण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

कोणत्या कागदाला वजन आहे

पुनर्वसन परिषद ही 1992 च्या कायद्याने स्थापन झालेली सरकारी संस्था आहे. अपंगांच्या क्षेत्रातील अभ्यासक्रमांना मान्यता देणे आणि ते पूर्ण करणाऱ्यांची नावे आपल्या केंद्रीय नोंदवहीत लिहिणे हे तिचे काम. या क्षेत्रात लोक 'सी.आर.आर. नंबर' म्हणतात तो हाच. सांकेतिक भाषेत दुभाषी होण्यासाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका. ती दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकविली जाते. हे केंद्र 2015 साली सुरू झाले. आपल्या मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाने 1983 पासून राष्ट्रीय संस्था आहे, तेथेही हे शिक्षण मिळते. याखेरीज आणखी एक पदविका आहे, सांकेतिक भाषा शिकविण्याची. ती बधिर उमेदवारांसाठी आहे आणि ते योग्यच आहे. आपली भाषा शिकविण्याचा पहिला मान ज्याची ती आहे त्याचा. माझ्या भाच्याला दहावीनंतर बारावी गाठता आली तर त्याच्यासाठी ते दार उघडे आहे, हे मला या धावपळीत प्रथमच कळले. बहिणीच्या प्रमाणपत्राची चौकशी करावयास गेले आणि भावाच्या पोटापाण्याची वाट दिसली!

दोन वर्षांच्या पदविकेचा हिशेबही मी वहीत मांडला. पूर्ण वेळ शिक्षण, म्हणजे 9,000 च्या दराने चोवीस महिन्यांचे 2,16,000 रुपये बुडणार. हा आकडा पाहून माझ्या मेहुण्यांनी वही मिटली. ते रिक्षा चालवितात; त्यांचे म्हणणे मला अजिबात खोटे वाटत नाही. एक मुलगा असा, त्यात मुलीची कमाई बंद, घर कसे चालावे?

परंतु दुसरी बाजूही लिहावी लागते. मान्यताप्राप्त संस्थेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. 1990 च्या घटनादेश दुरुस्तीनंतर आपण बौद्धही त्यात आहोत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. गल्लीतल्या क्लासला ही शिष्यवृत्ती नाही, सोनेरी चौकट असली तरी. मात्र प्रवेश घेण्यापूर्वीच संस्थेच्या कार्यालयात विचारून घ्यावे की, संस्था आणि अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहेत का. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांचे वर्ष बुडालेले मी पाहिले आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या खात्याला आधार जोडलेले असणे या गोष्टी मे महिन्यातच करून ठेवाव्यात. जूनमध्ये सेतू केंद्रावरच्या रांगेत उभे राहू नये.

पदविका झाली की संपले असेही नाही. नोंदणीचे ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात कार्यशाळा, शिबिरे करावी लागतात. त्यांचीही फी असते. हा बारीक खर्च कोणी सांगत नाही.

काम कोठे आहे

कागद कितीही वजनदार असो, काम नसेल तर काय उपयोग? येथे मला दोन्ही गोष्टी आढळल्या, आशेच्या आणि निराशेच्याही.

2011 च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची देशातील संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली गेली; महाराष्ट्रात पावणेपाच लाखांच्या आसपास. ही माणसे तहसील कचेरीत जातात, पोलिसांत जातात, बाळंतपणाला दवाखान्यात जातात, त्यांच्यावर अन्याय होतो तेव्हा कोर्टात उभी राहतात. तेथे दुभाषी लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा 2012 चा कायदा सांगतो की, मूल बोलू शकत नसेल तर त्याचा जबाब घेताना त्याची भाषा जाणणाऱ्या तज्ज्ञाची मदत घ्यावी. त्याच्या 2020 च्या नियमांत तर पुढचेही आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवावयाची. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याकडे मान्यताप्राप्त संस्थेची पात्रता हवी. आणि त्याचे मानधन किमान वेतनाच्या कायद्यानुसार कुशल कामगाराला मिळणाऱ्या मजुरीपेक्षा कमी असता कामा नये. वाचकांनी हे दोनदा वाचावे. एखाद्या बहिऱ्या मुलीची साक्ष ज्याच्या हातांवर अवलंबून आहे त्याची किमान किंमत सरकारने गवंड्याइतकी धरली आहे. गवंड्याला मी कमी लेखत नाही, माझे वडील गवंडीच होते. पण दर काय आहे ते मुलींना आधी माहीत असावे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही न बोलू शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाष्याच्या मदतीने घ्यावा आणि त्याचे चित्रीकरण करावे अशी तरतूद आहे. जुन्या कायद्यात ती 2013 च्या दुरुस्तीने आली होती. सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या बधिर वकील दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची बातमी दिली. शाळांकडे पाहिले तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने 2021 पासून माध्यमिक स्तरावर सांकेतिक भाषा हा विषय ठेवला आहे. 6 डिसेंबर 2024 रोजी केंद्राने केवळ या भाषेसाठी 31 क्रमांकाची शैक्षणिक वाहिनी सुरू केली. त्या दिवशी आपण सारे चैत्यभूमीच्या रांगेत होतो, बातमी कोणाच्या लक्षात आली नसेल.

ही झाली आशा. आता दुसरे. मी वांद्र्याला गेले तेव्हा एका दुभाषी बाईंची भेट झाली. त्यांचे आईवडील दोघेही बधिर. 'खामोशी' सिनेमात त्या मुलीचे होते तसे त्यांचे बालपण; दुधाच्या हिशेबापासून घरमालकाच्या भांडणापर्यंत सगळे बोलणे त्यांनीच करावयाचे. त्यांनी मला सरळ सांगितले, "ताई, काम आहे, पण रोजचं नाही. एका महिन्यात दहा बोलावणी येतात, दुसऱ्या महिन्यात दोन. पगारी जागा थोड्या. बिल पाठवलं की तीन तीन महिने वाट बघायची. आणि पहिली दोन वर्षं तर कोणी नावानं ओळखत नाही." पुढे म्हणाल्या की, बधिर माणसांच्या संघटनेत तुमची ऊठबस नसेल तर पदविका घेऊनही कोणी बोलावीत नाही, कारण कोणाचे हात कळतात आणि कोणाचे नाहीत हे तेच ठरवितात. सलग दुभाषीपण अर्ध्या तासाच्या वर एकाने करू नये, मेंदू थकतो आणि चुका होतात. म्हणून मोठ्या कार्यक्रमाला दोघे लागतात. पण बोलावणारे दोघांचे पैसे द्यायला तयार नसतात.

आणखी एक गैरसमज त्यांनी दूर केला. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका व्हावयाचे तर सांकेतिक भाषेचे प्रमाणपत्र पुरत नाही; त्यासाठी विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड.च लागते. तीन महिन्यांच्या जाहिरातीत 'शाळेत नोकरी' लिहिलेले असते ते मदतनिसाचे काम, आठ-दहा हजारांचे.

मग लहान कोर्स अगदीच टाकाऊ का? नाही. आमच्या चाळीत एक नर्सबाई राहतात. त्या शनिवार-रविवारी एका बधिर शिक्षकाकडे ही भाषा शिकल्या. फी थोडी, नोकरी चालूच. आज त्यांच्या वॉर्डात बहिरा रोगी आला की त्यांनाच हाक मारतात. पगार वाढला नाही, पण बदलीच्या वेळी मोठ्या बाईंनी त्यांना सोडले नाही. ज्याच्या हाती आधीच एखादा धंदा आहे, नर्स, अंगणवाडी सेविका, बँकेतील कारकून, वकील, पोलीस, त्याला लहान कोर्स जोडीला उपयोगी पडतो. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला तो धंदा देत नाही. माझ्या भाचीच्या हाती काहीच नव्हते. तिला एक तर दोन वर्षांची पदविका घेणे भाग होते, नाही तर दुसरा मार्ग धरणे.

आणि घरातल्या माणसाशी बोलता यावे एवढ्यासाठी तर कोणालाच पंधरा हजारांचे कर्ज काढावयाची गरज नाही. दिल्लीच्या केंद्राने 2023 च्या सप्टेंबरमध्ये पालकांसाठी आणि भावंडांसाठी प्राथमिक संवादाचा अभ्यासक्रम मोबाइलवर आणला. त्याच केंद्राचा 10,000 शब्दांचा शब्दकोश आहे, प्रत्येक शब्दाची चित्रफीत असलेला. माझी बहीण सातवी शिकलेली. रात्री भांडी झाली की ती मोबाइल पोळपाटाला टेकवून बसते. आधी तिला लाज वाटे, शेजारणी हसतील म्हणून. मुलगा मात्र तिच्या हातांकडे पाहून पोट धरून हसे, आणि मग बोटे धरून सरळ करी. मुलगा आईला शिकवितो आहे असे दृश्य त्या घरात चौदा वर्षांत प्रथमच दिसले. मुलाच्या वडिलांनी अजून हात उचललेला नाही. पण रिक्षात बसणाऱ्या एका बहिऱ्या पोराला 'किती' आणि 'कुठे' त्यांनी विचारले म्हणे.

एक शब्द मात्र मलाही सुधारावा लागला. मी या लेखाचे पहिले टिपण केले त्यात 'मूकबधिर' लिहिले होते. त्या दुभाषी बाईंनी तो शब्द खोडला. म्हणाल्या, "बहिरे म्हणा, बधिर म्हणा. मुके ते नाहीत."

माझी भाची सध्या दुकानातच आहे. मोबाइलच्या दुकानात आता बहिरे गिऱ्हाईक आले की मालक तिला पुढे करतो. रविवारी ती भावाला घेऊन बधिर मुलांच्या एका क्रिकेट टीमचा सराव पाहावयास जाते. तिला भाषा तेथेच जास्त येते असे ती म्हणते. तिच्या शिकण्याचा वेग पाहून दुभाषी बाईंनी तिला पदविकेचा अर्ज भरावयास सांगितले. बधिरांच्या भावंडांना ही भाषा निम्मी घरातूनच येते, म्हणून दुभाषीपणात ती मुले पुढे असतात असा त्यांचा अनुभव आहे. गटाचे कर्ज आम्ही उचलले नाही. मेहुण्यांचे म्हणणे असे ठरले की, शिष्यवृत्ती लागू असेल आणि मुलगी रविवारी व सुटीच्या दिवसांत दुकानात उभी राहील तर दोन वर्षे ते ओढतील. मी दरमहा दीड हजार देईन असे कबूल केले आहे.

उत्पन्नाचा दाखला मिळाला. बारावीची मूळ गुणपत्रिका कॉलेजात अडकली होती, तीही सुटली. येणाऱ्या प्रवेशाच्या वेळी अर्ज जाईल. परवा बहिणीचा फोन आला तेव्हा ती हसत होती. मुलगा शाळेतून उशिरा आला म्हणून तिने हाताने विचारले : उशीर, का? त्याने खांद्यामागे हात नेला आणि काही तरी सांगितले. तिला कळले ते एवढेच : काल, बूट, तुटणे. काल बूट तुटला होता आणि तो आज चालत चालत चांभाराकडे जाऊन आला होता, हे तिने उरलेले जुळवून काढले. शिलाईचे वीस रुपये त्याने कोठून आणले, ते विचारण्याइतकी भाषा अजून तिला येत नाही.